छत्रीची पट्टी

माझी नोकरी पट्ट्या तोडायची होती. कुणाला सांगितलं की लोक हसायचे, पण दिवसभराचं काम खरंच तेवढंच होतं. कारखान्यात विणलेल्या प्रत्येक गुंडाळीतून हातभर तुकडा कापायचा, यंत्राच्या दोन जबड्यांत तो आवळायचा, चाक फिरवत राहायचं आणि पट्टी तुटेपर्यंत तबकडीवरच्या काट्याकडं बघायचं. काटा जिथं थांबेल तो त्या पट्टीचा जोर. दप्तराची पट्टी तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज करायची, पलंगाची नवार फुसकन जायची. काय तुटलं ते मला डोळे मिटून सांगता यायचं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, आमचं शहर औरंगाबाद होतं तेव्हाची. मी फुलंब्रीच्या शेतकरी घरातली. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आणि शिक्षिकेची जागा मिळेना म्हणून या कारखान्यात लागले. सकाळच्या एसटीनं निघायचं, हर्सूलच्या जेलपाशी गाडी हमखास रेंगाळायची, मग शहरात उतरून दुसरी बस धरायची आणि चिकलठाण्याची एमआयडीसी गाठायची. पत्र्याचा लांबट शेड, पंचवीसेक माणसं, आणि अरुंद पट्ट्या विणणारे माग. मालक आधी एका कापड गिरणीत फिटर होते. ती बंद पडली तेव्हा तिथलेच सहा जुने माग उचलून त्यांनी हा कारखाना काढला होता. पुढं काम वाढलं तसे त्यांनी परदेशातून नवे सुईचे माग आणले. ते इतके भराभर विणायचे की जुने माग मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली गेले आणि भंगारवाला कधी येतो याची वाट बघत बसले.

मागांवरचे उस्ताद म्हणजे आमचे चाचा. साठीच्या आसपासचे, शहागंजच्या मागच्या गल्लीत राहणारे, बारीक अंगाचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हिमरू विणलं जायचं, सुताचं आणि रेशमाचं ते नक्षीदार भारी कापड. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा चाचा नऊ-दहा वर्षांचे होते. त्यानंतर हैदराबादची बडी गिऱ्हाइकं येईनाशी झाली, हिमरूच्या शेरवान्या कोण शिवणार, आणि त्यांच्या वडलांनी त्याच हातांनी पलंगाची नवार विणायला घेतली. चाचा हे सांगताना हळहळत नसत. “हात खाली नै बैठा, बस,” एवढंच म्हणायचे.

एके दिवशी दुपारी शेडसमोर लष्कराची जीप थांबली. उतरले ते कर्नल होते, विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्या सैनिकांच्या सामानाची जबाबदारी असलेले. ताठ, दाढी घोटलेले, कमी बोलणारे. हिंदीतच बोलायचे, मी माझ्या भाषेत सांगते. त्यांनी खिशातून हिरव्या पट्टीचा एक तुकडा काढून मालकांच्या टेबलावर ठेवला.

“सैनिकाच्या खांद्यावरून, छातीवरून आणि मांड्यांखालून या पट्ट्या जातात,” ते म्हणाले. “यांनाच सगळी छत्री बांधलेली असते. छत्री उघडते त्या क्षणी माणसाला जो हिसका बसतो तो ही पट्टी झेलते. आम्ही ही कायम बाहेरून घेत आलो. उत्तम माल. आजवर एकदाही दगा दिला नाही.”

“मग आमच्याकडं कसं येणं केलंत?” मालकांनी विचारलं.

“त्या देशानं पुरवठा थांबवलाय. कारण आमच्या हातातलं नाही, त्यांच्याही कारखान्याच्या हातातलं नाही. जुन्या पट्ट्यांची मुदत संपत आली की त्या वापरातून काढाव्या लागतात. नव्या येत नाहीत. म्हणून उड्या कमी कराव्या लागल्यात. नव्या भरतीची पोरं जमिनीवर बसून विमानं बघतायत.” त्यांनी टेबलावरचा तुकडा मालकांकडं सरकवला. “वरून कागद आलाय की देशात करून बघा. म्हणून आलोय. माझं स्वतःचं मत विचाराल तर माझा विश्वास नाही. दप्तराची पट्टी तुटली तर पुस्तकं पडतात.”

मालक उठून उभे राहिले आणि म्हणाले, “करून बघतो साहेब.” त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती आणि हाव दोन्ही दिसल्या. पैशाची हाव नव्हे. गिरणीतल्या फिटरला अवघड यंत्र दिसल्यावर जी सुटते ती.

मला मात्र कर्नलसाहेबांचंच पटलं होतं. आमच्याकडं रोज माल मीच तोडत होते. एका गुंडाळीत पट्टी कुठं घट्ट, कुठं सैल असते हे मला ठाऊक होतं. ज्याला ते काम पन्नास वर्षं येतंय त्याच्याकडून घ्यावं, एक देश नाही म्हणाला तर दुसऱ्याकडं जावं, असं माझं सरळ मत होतं. घरी गेल्यावर वडलांना मी हेच सांगितलं. ते ओसरीवर गुळाचा चहा पीत होते.

“आपल्या विहिरीवर तुझ्या आजानं विलायती इंजन बसवलं व्हतं,” ते म्हणाले. “लई गुणाचं. कधी खोकलं नाय. पर एकदा त्याचा बारका वॉशर गेला. मुंबईला पत्र घातलं, तिथनं ते विलायतेला गेलं. वॉशर येईस्तोवर मिरच्या उभ्या वाळल्या.”

“मग काय केलं?”

“शहागंजातल्या एका लोहारानं करून दिला. दोन दिस टिकला.”

“दोनच दिवस?”

“व्हय. मंग दुसरा केला, तो आठ दिस टिकला. तिसरा केला तो इंजन इकेपर्यंत व्हता.” त्यांनी कप खाली ठेवला. “पहिला दोन दिस टिकला म्हणून आजा थांबला नाय, एवढंच सांगतो.”

 वॉशर आणि माणसाचा जीव एक नाही, असं मनात आलं होतं, पण ते बोलून दाखवलं नाही.

पहिला नमुना आम्ही नव्या सुईच्या मागावर विणला. नायलॉनचा मजबूत धागा मागवला. तो तेव्हा बाहेरच्याच देशातून यायचा, आणि हे कर्नलसाहेबांना सांगताना मालकांची मान जरा खाली गेली होती. पट्टी दिसायला देखणी झाली. मी ती यंत्रात लावली. काटा परदेशी तुकड्याच्या, कर्नलसाहेबांनी लिहून दिलेल्या आकड्यापर्यंत गेला, तिथून पुढं गेला आणि मग बंदुकीसारखा आवाज होऊन पट्टी तुटली. शेडमधले सगळे माग क्षणभर थांबले. मालकांनी पेढे मागवले. चाचांनी पेढा घेतला, तुटलेली पट्टी हातात घेऊन तिची किनार बोटानं चाचपली आणि काही न बोलता परत दिली. तेव्हाच त्यांना विचारायला हवं होतं.

नमुना लष्कराच्या प्रयोगशाळेत गेला आणि महिन्याभरात परत आला. सोबतच्या पत्रात चार ओळी होत्या. तिथं पट्टी नुसती ओढत नाहीत. आधी ती सहा कडांच्या पोलादी सळईवरून हजारो वेळा पुढं-मागं घासतात, कारण उडी मारणाऱ्याच्या अंगावर ती बकलांमधून घासतच असते. आणि मग ओढतात. आमची पट्टी घासताना एका किनारीला फसकली होती. ओढायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांचा फोन आला. मालकांनी मला जवळ बोलावून फोन दोघांच्या कानांच्या मध्ये धरला.

“मला आश्चर्य वाटलं नाही,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, उलट थकवा होता. “दुसऱ्या एका देशाचा कारखाना तयार झालाय. त्यांच्याकडून घ्यायची फाइल चालू आहे. सहीला जायला दोन महिने आहेत. तोवर तुम्हाला अजून एक नमुना द्यायचा असेल तर द्या. नसेल तरी मी समजेन.”

मालकांनी फोन ठेवला. मी म्हटलं, “सोडून द्यावं का?” ते म्हणाले, “चाचांना बोलवा.”

चाचा आले. त्यांनी फसकलेला तुकडा घेतला, नखानं किनारीचा एक धागा उचलला आणि हळूच ओढला. किनार सरसर उसवत गेली, वीतभर, दोन वीत, थांबेचना. 

“ये बुनाई नै है, बेटी,” ते म्हणाले. “ये तो स्वेटर है.”

मग त्यांनी आम्हाला समजावलं. जुन्या मागावर धोटा आडवा धागा घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि वळून परत येतो. धागा अखंड असतो, म्हणून दोन्ही काठ सारखे आणि बंद. नव्या मागात धोटा नाही. सुई एका बाजूनं धागा आत नेते आणि दुसऱ्या काठावर त्याला टाके घालून अडकवते, स्वेटरला घालतात तसे. दप्तराला ते चालतं. पण त्या काठाचा एक टाका तुटला की पुढचा सुटायला मोकळा.

त्यांनी परदेशी तुकडा उजेडात धरला. “इसके दोनो किनारे देख. एक सरीके. ये धोटे का काम है. तुमचे साहेब बोलले ना, आजवर दगा नै दिया. कायकू देंगा.”

“हे तुम्हाला पेढे खाताना माहीत होतं?” मालकांनी विचारलं.

“मालूम था.”

“मग बोलला का नाहीत?”

चाचा म्हणाले, “नवे माग तुम्ही हौसेनं आणले. आमचे जुने भंगारात निघाले. मी बोललो असतो तर तुम्ही म्हणला असता, बुढा अपने मागोंके वास्ते रोता है.”

मालक खुर्चीवरून उठले. मग दोघं मिळून मागच्या भिंतीकडं गेले आणि ताडपत्री ओढून काढली.

पुढचे पंधरा दिवस शेडच्या त्या कोपऱ्यात सतत ठोकाठोक चालली. सहापैकी तीन मागांचे भाग काढून दोन माग उभे केले. धोट्याला ठोसा देणारे चामड्याचे ठोकळे कुजले होते. ते चाचांनी शहागंजात घोड्यांचं खोगीर शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून नवे करून आणले. धोटे शिसवीचे घडवले. मालक बाह्या सरसावून स्वतः यंत्राखाली आडवे झाले, चेहऱ्याला तेल, आणि इतकं खूष मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. माग सुरू झाला तेव्हा खाडखाड असा आवाज उठला की शेजारच्या कारखान्यातली माणसं बघायला आली.

पट्टी विणून झाली. दोन्ही काठ बंद. आम्ही घासायची सळई तोवर इथंच तयार करून घेतली होती. घासली तरी किनार हलली नाही. मग मी ती यंत्रात लावली आणि चाक फिरवायला लागले. काटा चढत गेला, हव्या त्या आकड्याच्या थोडा अलीकडं आला आणि पट्टी तुटली. दुसरा तुकडा लावला. तोही तिथंच. तिसराही.

 मी तुटलेली टोकं घेऊन भिंग लावून बसले. कॉलेजात प्रयोगाच्या तासाला शिकवलेलं मला पहिल्यांदाच खरं कामाला आलं. पट्टीच्या मधले धागे आखूड, काडकन तुटलेले होते. कडेचे धागे मात्र लांब लोंबत होते, जसे काही ते ओढले गेलेच नव्हते. म्हणजे सगळे उभे धागे एकावेळी भार घेत नव्हते. काही आधीच ताणलेले, काही सैल. ताणलेले पहिले तुटायचे, मग सगळा भार सैल धाग्यांवर, तेही जायचे. उभे धागे एकसारखे ताणलेले नव्हते. आणि ते लावले होते चाचांनी.

मी पंचविशीची पोरगी. समोरचा माणूस चाळीस-पन्नास वर्षं हा उभ्या धाग्यांचा ताणा लावणारा, त्याच्या बापानं रेशमाचा ताणा लावलेला. मी भिंग घेऊन त्यांच्याजवळ गेले.

“चाचा, ताण एकसारखा नाही.”

“क्या?”

“उभ्या धाग्यांचा ताण. मधले ताठ आहेत, कडेचे सैल. हे बघा.”

त्यांनी भिंग घेतलं नाही. “मैने हात से देखा था,” ते म्हणाले. “मेरा हात झूठ नै बोलता.” आणि टोपी सरळ करून ते शेडबाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, माझ्याशी बोलले नाहीत. घरी जाताना एसटीत मला रडू आलं. आपण खरं बोललो याचा काही आनंद वाटेना.

सकाळी मी आले तर चाचा आधीच मागापाशी होते. डोळे मिटलेले, आणि हाताची पालथी बोटं उभ्या धाग्यांवरून हळूहळू फिरत होती, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मी लांबच उभी राहिले. त्यांना माझी चाहूल लागली असावी.

“इधर आ बेटी,” ते म्हणाले. “हात लाव. उलटा हात.”

मी लावला. कडेचे धागे खरंच मऊ लागत होते.

“मैने लगाया तब सब एक सरीके थे. कसम से.” त्यांनी डोळे उघडले. “सूत सच बोलता. रेशीम बी सच बोलता. जैसा रखो वैसा रहता. ये नायलॉन झूठ बोलता है. हात के नीचे तनके दिखाता, फिर चुपके से ढीला पडता.”

ते म्हणाले ते अगदी बरोबर होतं. नायलॉन ताणलं की लांबतं, मग सावकाश आपल्या मापावर येतं, आणि प्रत्येक धागा आपापल्या वेळेनं. माझ्या पुस्तकात तेच लिहिलेलं होतं, पण ते मला त्यांच्या तोंडून कळलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते सोडवलं. ताणा लावला की दिवसभर त्याला हात लावायचा नाही, निजू द्यायचा. आणि धागे एकत्र एका रुळावर न बांधता प्रत्येक जुडगीला मागच्या बाजूला आपलं स्वतंत्र वजन लटकवायचं, म्हणजे धागा सैल पडला की वजन आपोआप खाली सरकून त्याला ताणून धरेल. वजनासाठी मालकांनी लोखंडी नटांची पोती आणली. मी माझ्या तपासणी टेबलावरच्या तराजूवर एक-एक नट तोलला, जड निघाला तर कानशीनं घासला. दोन दिवस माझी बोटं काळी होती. चाचा शेजारी बसून प्रत्येक जुडगीला नट बांधायचे आणि पालथ्या हातानं तपासायचे. मी सांगितलेलं वजन एकदा त्यांना पटलं नाही, त्यांनी परत तोलायला लावलं, आणि चूक माझीच निघाली. ते हसले नाहीत. “होता है,” म्हणाले.

मुदतीला नऊ दिवस उरले होते तेव्हा ती पट्टी मागावरून उतरली. घासून झाली. मी ती जबड्यांत आवळली. मालक माझ्या डाव्या हाताला, चाचा उजव्या हाताला. सुईचे माग कुणी तरी बंद केले होते, शेड शांत होता. मी चाक फिरवायला लागले. काटा आधीच्या जागेवर आला, जिथं तीन वेळा तुटली होती. गेला पुढं. परदेशी तुकड्याच्या आकड्यावर आला. गेला पुढं. चाक जड झालं, मला दोन्ही हात लावावे लागले. काटा अजून चढतच होता. मग मालकांनी माझ्या हातांवर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून चाक रेटलं. तुटली तेव्हा असा स्फोट झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मी टोकं भिंगाखाली धरली. सगळे धागे एकाच रेषेत तुटले होते, ब्रशाच्या केसांसारखे. सगळ्यांनी शेवटपर्यंत एकत्र भार घेतला होता. मी भिंग चाचांपुढं केलं. या वेळी त्यांनी ते घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “अब बराबर है.”

प्रयोगशाळेनं ती पास केली. पत्र आलं त्या दिवशी मालकांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग परत एकदा. पत्रानंतर वाळू भरलेले पुतळे विमानातून टाकले गेले, तेही नीट उतरले. त्यानंतर कर्नलसाहेबांचा फोन आला. माणसांची उडी ठरली होती, आणि आम्हा तिघांना बघायला बोलावलं होतं.

रेल्वेनं दोन दिवस प्रवास करून आम्ही तिथं पोहोचलो. सकाळची वेळ, मोठं मोकळं मैदान, कडेला गवत. एका तंबूत आम्हाला खुर्च्या दिल्या. कर्नलसाहेब दिसेनात. मालकांनी एका सुभेदारांना विचारलं, “साहेब कुठं आहेत?”

सुभेदारांनी बोट वर केलं. “विमानात आहेत. पहिली उडी त्यांचीच.”

 इतके दिवस मी जोर, ताण, आकडे यांत होते. त्या पट्ट्यांत कोण असणार याचा चेहरा मी कधी डोळ्यांसमोर आणला नव्हता, आणि आता तो ओळखीचा चेहरा होता. आमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणारा. चाचांचे ओठ हलत होते. मालकांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

विमान आवाज करत आलं. त्याच्या दारातून एक ठिपका सुटला आणि खाली पडायला लागला.  मग ठिपक्याच्या वर काही तरी लांबट फडफडलं, फुगलं, आणि पांढरी छत्री पूर्ण उघडली. ठिपक्याला हिसका बसलेला खालूनही दिसला. तो क्षणभर वर ओढला गेल्यासारखा झाला आणि मग शांतपणे डुलत खाली यायला लागला. त्यामागून दुसरा, तिसरा, चौथा. एक-एक छत्री उघडत गेली. आकाशात त्यांची रांग लागली. मालक उभे राहून मोजत होते, लहान मुलासारखे, बोट दाखवून. सगळ्या उघडल्या.

कर्नलसाहेब गवतात उतरले, उठले, छत्री गोळा करून एका जवानाच्या हातात दिली आणि अंगावरच्या पट्ट्या न सोडता चालत तंबूपाशी आले. घाम आलेला, गालाला माती. ते थेट चाचांसमोर उभे राहिले आणि पाठ वळवली.

“देख लीजिए, उस्ताद,” म्हणाले.

चाचांनी त्यांच्या खांद्यावरची पट्टी धरली. अंगठा किनारीवरून खाली नेला, छातीपर्यंत, मग दुसऱ्या खांद्यावर. पालथा हात एकदा मधोमध फिरवला. “कुछ नै हुआ इसको,” ते म्हणाले, आणि खांद्यावरची पट्टी हातानं सारखी केली.

कर्नलसाहेब वळले. “कागदावर सही माझी आहे,” ते मालकांना म्हणाले. “म्हणून पहिली उडी माझी. पोरांना मी नंतर पाठवलं.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “मी तुमच्याकडं आलो तेव्हा मनापासून बोललो होतो. आजही मनापासून सांगतो. पट्टी देशातली आहे म्हणून मी ती घेत नाहीये. आम्ही अजून खूप काही बाहेरून घेतो आणि काही वर्षं घेत राहू, त्यात लाज नाही. ही मी घेतोय कारण वर असताना मला तिचा विचारही आला नाही.”

“मग कशाचा आला?” चाचांनी विचारलं.

“नाश्त्याचा,” कर्नलसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी जवानांच्या पंगतीत बसून पुरी-भाजी खाल्ली. माझ्या शेजारी उडी मारून आलेला एक जवान होता, नव्या भरतीतला. त्याची ती आयुष्यातली पहिली उडी होती. त्याला आम्ही कोण ते माहीत नव्हतं. तो मला छत्री कशी उघडते ते सविस्तर सांगत राहिला आणि मी काहीच माहीत नसल्यासारखी ऐकत राहिले. इतकं सुख मला दुसऱ्या कुठल्या बोलण्यानं दिलं नाही.

परत येताना गाडीत गर्दी होती. समोरच्या बाकावरच्या एका व्यापाऱ्यानं चाचांना विचारलं, “आप क्या काम करते?” चाचांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, “फौज कू आसमान से उतारता हूँ.” व्यापाऱ्यानं आमच्याकडं बघितलं, म्हातारा जरा सरकलेला आहे का म्हणून. मालकांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवून होकार दिला, आणि मी पदर तोंडाला लावून हसू आवरलं.

बाहेरून घ्यायची ती फाइल परत गेली. ताडपत्रीखालचे उरलेले माग बाहेर आले, आणि तेवढे पुरेनात म्हणून मालक बंद गिरण्या धुंडाळत गावोगाव फिरले. चाचांच्या गल्लीतले हिमरू सोडून रिक्षा चालवणारे, हातगाडी लावणारे पाच-सहा जण पुन्हा मागावर आले. त्यांना पट्टी शिकवायला फार दिवस लागले नाहीत. वजनं का बांधायची एवढं मी सांगितलं, बाकीचं त्यांच्या हातांना येत होतं. धागा मात्र बाहेरचाच राहिला. कर्नलसाहेब पत्रात त्याची आठवण न चुकता करून द्यायचे. काही वर्षांनी दक्षिणेकडच्या एका गिरणीनं तो काढला. पहिला धागा मी तोडून बघितला आणि नापास केला. दुसराही केला. तिसऱ्या वेळी त्या गिरणीचे इंजिनियर स्वतः धाग्याचं रीळ मांडीवर घेऊन रेल्वेनं आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि काट्याकडं बघत राहिले. काटा चढला, हवा तिथं पोहोचला आणि पुढं गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “चहा घेणार का आधी, की अजून एक तोडू?” ते म्हणाले, “अजून एक तोडा,” आणि मी दुसरा तुकडा लावला.